झाड गेले तरी वाण राहिला पाहिजे

(जिल्हा मेळाव्यात सूसच्या मंडळींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मंडपात भावावर, विजेवर, कर्जावर बोलणे झाले. आता आम्ही सूसची मंडळी आंब्याच्या झाडावर बोलायला उभी राहिलो म्हटल्यावर काहींना वाटेल, जेवणाआधीची करमणूक आहे. तशी नाही. आमच्या शिवारात यंदा जे झाड उभे आहे ते पुढच्या वर्षी असेल की नाही हे आम्हाला सांगता येत नाही, आणि त्या झाडाबरोबर जे जाणार आहे ते मागाहून पैसे मोजूनही मिळायचे नाही. तेवढ्यासाठी अर्धा तास मागून घेतला आहे.

ज्यांनी आमचे गाव पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाषाणहून खिंड चढून पलीकडे उतरले की सूस. मुळशी तालुक्याची ही पूर्वेकडची कड. एका अंगाला म्हाळुंगे, दुसऱ्या अंगाला बावधन, पुढे नांदे आणि लवळे. मुंबई-बेंगळुरू महामार्गाचा बाह्यवळण रस्ता शिवेवरून गेला, हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या आणि माळाच्या मुरमाला सोन्याचा भाव आला. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत जी २३ गावे घेतली त्यांत सूस आहे. म्हणजे कागदावर आम्ही आता शहरवाले. बांध मात्र अजून आहेत, आणि बांधावर आज्या-पणज्यांनी लावलेले, किंवा लावलेलेही नाहीत, खाऊन टाकलेल्या कोयीतून आपसूक आलेले आंबे आहेत.

जमीन विकणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. ज्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या पदरचे घालावे लागले, तो धंदा सोडून कोणी चार पैसे मोकळे केले तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. व्यवहारात गुंठ्याचा भाव होतो, झाडाचा होत नाही. घेणाऱ्याला झाड म्हणजे पायाच्या खोदाईतली अडचण. देणाऱ्यालाही सही करताना झाड आठवत नाही. आठवते ते पुढच्या वैशाखात, लोणच्याच्या कैऱ्या बाजारातून विकत आणताना.

आता रायवळ आंब्याचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. बाजारात हापूस आहे, केसर आहे. रायवळ म्हणजे रेषा फार, कोय मोठी, साल जाड, काही तर तोंड वाकडे करणारे आंबट. खरे आहे. सगळे रायवळ जपण्यासारखे नसतात, आणि आम्हीही ते म्हणत नाही. शंभरातले नव्वद गेले तरी आम्ही रडणार नाही. पण उरलेल्या दहांत एखादा असा असतो की त्याच्या कैरीचे लोणचे दोन वर्षे फोडीला फोड राहते. एखादा वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात पाडाला येतो, म्हणजे वळवाच्या आणि फळमाशीच्या आधी हाताला लागतो. आमच्या मुळशीत पाऊस लवकर आणि जोराचा. उशिरा पिकणाऱ्या गोड आंब्यात अळी पडते, म्हणून लवकर पिकण्याला इकडे जी किंमत आहे ती कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. एखादे झाड दरसाल धरते, जिथे हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष झोपतो. हे गुण माळाच्या मुरमात, पाण्याशिवाय, खताशिवाय, कोणी फवारणी न करता टिकलेले आहेत.

लोकांनी या झाडांना नावे दिली ती उगाच नाही. शेपूचा वास येतो तो शेप्या. खोबऱ्यासारखा गर लागतो तो खोबऱ्या. बारकी, गोड, चोखून खायची ती बिटकी. साखऱ्या, शेंदऱ्या, लोणच्या. गावोगाव हीच नावे आहेत, पण एका गावचा शेप्या आणि दुसऱ्या गावचा शेप्या हे एक झाड नव्हे. तिथेच सगळी गोम आहे.

कारण सभेत हमखास कोणीतरी म्हणतो, “अहो, एवढे आवडते झाड तर त्याची कोय लावा. झाले!” कोय लावून ते झाड मिळत नाही. आंब्याच्या मोहोरावर माश्या बसतात, या झाडावरून त्या झाडावर जातात. फळ आईच्या फांदीला लागते, पण कोयीतल्या बीजाचा बाप कोण हे माशीलाच ठाऊक. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांत एका कोयीतून एकच रोप येते आणि ते दोघांच्या मिश्रणाचे असते. शेप्याच्या दहा कोया लावल्या तर दहा वेगळे आंबे येतील, आणि त्यांतला एकही शेप्या नसेल. दक्षिणेकडे, केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर, काही आंब्यांच्या एका कोयीतून तीन-चार रोपे उठतात आणि त्यांतली बरीचशी आईसारखी निघतात. आपल्या बांधावरच्या झाडांवर तो भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आपल्याकडे प्रत्येक रायवळ हे जगात एकुलते एक झाड आहे. ते तोडले की तो वाण संपला. त्याला जगवायचा मार्ग एकच. त्याची काडी घेऊन दुसऱ्याच्या मुळावर बसवायची. कलम.

हापूस तरी दुसरे काय आहे? कोणे एके काळी एका कोयीतून आलेले ते एक झाड. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमे बांधण्याची विद्या वाढली, त्यांच्या अल्फोन्सो नावाचा आपण हापूस केला, आणि त्याच्याच काडीची काडी, तिची पुन्हा काडी करत रत्नागिरी-देवगडच्या लाखो झाडांपर्यंत तो पोचला. कोकणातला प्रत्येक हापूस ही त्या एकाच झाडाची फांदी आहे, फक्त मुळे वेगवेगळी. केसरची गोष्ट तर कालपरवाची. जुनागढ संस्थानात वंथळीच्या एका आंब्याची चव आवडली, १९३१ मध्ये त्याची कलमे गिरनारच्या पायथ्याशी लावली, आणि १९३४ मध्ये नवाबांनी गराचा रंग पाहून त्याला केसर म्हटले. आज मराठवाड्यात शेतकरी केसरच्या बागा लावतो, त्या एका झाडाच्या पोटच्या आहेत. त्या वर्षी त्या झाडाखाली कोणी काडी कापायला गेले नसते तर?

फार लांब जायला नको. आमच्या सूसपासून शहराकडे निघाले की वाटेत गणेशखिंड लागते. तिथल्या सरकारी फळबागेत डॉ. चीमा यांनी अलाहाबाद सफेदा पेरूच्या रोपांतून १९२७ साली एक झाड निवडले. रोपांच्या रांगेतला नुसता क्रमांक त्याला होता, एल-४९. पुढे त्याला सरदार पेरू म्हणू लागले आणि तो देशभर गेला. निवडणारा डोळा होता, कलम करणारा हात होता, म्हणून एका रोपाचा वाण झाला. बांधावर असे किती एल-४९ उभे राहिले आणि सरपणाला गेले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

थोडे बाहेरचेही सांगतो, कारण रायवळाला कमी लेखणे ही आपल्याकडचीच खोड नाही. थंड मुलखात सफरचंदाचा एक रानटी भाऊ असतो. बोराएवढे फळ, आंबट आणि तुरट. खायला कोणी घेत नाही. फार तर मुरंबा नाहीतर जेली करतात. पण त्याच्या बियांची रोपे खुंट म्हणून वापरून त्यांवर चांगल्या सफरचंदाची काडी बसवतात. शिवाय हिमाचलात बागायतदार बागेत मधून मधून ही रानटी सफरचंदे मुद्दाम लावतात, नाहीतर मोठ्या झाडाच्या एखाद्या फांदीवर त्यांचे कलम करतात. कारण सफरचंदाला स्वतःच्या जातीच्या परागाने फळ नीट धरत नाही. परका पराग लागतो, आणि रानटी झाडाला फुले भरपूर आणि फार दिवस असतात. आपल्या हापूसचेही तसेच आहे. नुसत्या हापूसच्या बागेत फळधारणा कमी होते, म्हणून अधूनमधून दुसऱ्या जातीची झाडे ठेवा असा सल्ला कोकणात देतात. म्हणजे ज्याच्या कोयीवर हापूस उभा आहे तो रायवळ, आणि ज्याच्या परागाने हापूस धरतो तोही बरेचदा रायवळ. नाव मात्र पेटीवर हापूसचे.

आता कामाचे बोलू. पूर्वी भेट कलम बांधत. रोपाची कुंडी झाडाला टांगायची किंवा माचीवर ठेवायची, रोपाची आणि फांदीची साल तासून दोघे एकमेकांना बांधायचे, आणि दोन-तीन महिने त्या कुंडीला पाणी घालत बसायचे. एका झाडावर अशी किती करणार? ते काम माळ्याचे होते, शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. नंतर कोयकलम आले, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याची पद्धत बसवून ती शेतकऱ्यांपर्यंत नेली. हे कोयकलम इतके सोपे आहे की त्यासाठी नर्सरीवाल्याच्या दारात जायची गरज नाही. चाकू एकदा घ्यायचा. कोय फुकट, काडी फुकट, माती घरची. प्लास्टिकची पट्टी आणि पिशव्या एवढाच काय तो खर्च.

कोया आत्ता, आंबे खाताना गोळा करा. कोणत्याही रायवळाच्या चालतील, पण ताज्या पाहिजेत. महिनाभर पडून राहिलेली कोय उगवायची आशा धरू नका. धुऊन सावलीत सुकवा आणि बादलीभर पाण्यात टाका. तरंगेल ती फेका, बुडेल ती ठेवा. गादीवाफ्यावर किंवा पोयटा आणि शेणखत भरलेल्या पिशवीत दोन बोटे खोल लावा. पावसाच्या तोंडाला लावलेली कोय दोन-तीन आठवड्यांत वर येते. रोप तांबूस असते, पाने रेशमासारखी मऊ, खोड लालसर आणि रसाळ. उगवल्यापासून साधारण आठ ते पंधरा दिवसांत कलम बांधायचे. खोड हिरवे आणि ताठ झाले की वेळ गेली. मग त्या रोपाला वर्षभर वाढवून मृदकाष्ठ कलम करता येते, ती गोष्ट वेगळी.

काडीची तयारी मात्र आठ-दहा दिवस आधी सुरू होते आणि नवखा माणूस इथेच चुकतो. झाडाच्या बाहेरच्या बाजूला, ज्या फांदीवर ऊन पडते तिथला, मोहोर न आलेला शेंडा निवडायचा. तीन-चार महिन्यांची फूट, जाडी पेन्सिलीएवढी, रोपाच्या खोडाशी मिळतीजुळती. त्याची पाने देठ ठेवून कापून टाकायची. आठवड्याने देठ हात लावला की गळून पडतात आणि शेंड्याचा डोळा फुगतो. फुगलेला पाहिजे, फुटलेला नको. मग वीतभर काडी कापून ओल्या फडक्यात गुंडाळायची. त्याच दिवशी बांधली तर उत्तम. गावाहून आणायची असेल तर ओले फडके, वर प्लास्टिकची पिशवी, सावली, आणि तीन-चार दिवसांच्या आत काम.

बांधणे असे. रोपाचे खोड कोयीपासून चार-पाच बोटांवर आडवे छाटायचे. वरून मधोमध दीड इंच खोल चीर द्यायची. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तेवढीच लांब पाचर तासायची, एका झटक्यात, चाकू मागे-पुढे न करता. पाचर चिरेत बसवायची. दोघांची जाडी सारखी असेल तर दोन्ही कडांना साल सालीला लागेल. नसेल तर निदान एक कड तरी नीट जुळवायची, कारण जोड सालीखालच्या हिरव्या थराचा होतो, आतल्या लाकडाचा नाही. मग पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची, पावसाचे पाणी आत जाता कामा नये. आमच्याकडे श्रावणात मध्येच आठ-दहा दिवस उघडीप पडते आणि वारा सुटतो. कोकणात हवेत ओल असते ती इथे तेव्हा नसते. म्हणून काडीवर पेप्सीकोल्याची लांबट रिकामी नळी टोपीसारखी चढवून खाली बांधतात. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला की ती काढायची. खुंटाला खालून फूट येईल, ती दिसताक्षणी खुडायची. दया दाखवली तर काडी मरेल आणि रायवळाची भलतीच रोपे वाढवत बसाल.

शंभर बांधली तर शंभर जगत नाहीत. पहिल्या वर्षी नवख्या हाताची निम्मी जगली तरी त्याने मिशीला पीळ द्यावा. आणि मिशी नसलेल्यांनी तर नक्कीच द्यावा, कारण आमच्या पाहण्यात या कामात बायकांचा हात जास्त बसतो. भात लावणाऱ्या, कांदा खुडणाऱ्या बोटांना पाचर बसवणे जड नाही.

ज्याच्याकडे माळ आहे आणि पाणी नाही त्याने रोप पिशवीत करूच नये. खड्ड्यातच कोय लावावी आणि तिथेच कलम करावे. जागेवर केलेल्या कलमाचे सोटमूळ सरळ मुरमात उतरते, पिशवीत ते वळते. खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल. तळाला पालापाचोळा, वर शेणखत आणि चांगली माती, आणि दोन-तीन कोया, म्हणजे एक तरी रोप साधेल. जोड मातीच्या वर राहू द्या. पहिली तीन वर्षे मोहोर आला तरी खुडून टाका. कलमाला लहानपणीच मोहोर येतो, त्याने हुरळून जाऊ नका. चौथ्या-पाचव्या वर्षी फळ ठेवा.

पण आमच्या गावात आता माळ थोड्यांकडे आहे. पुष्कळांकडे घर, अंगण आणि मागे परसात दोन-तीन झाडांची जागा उरली आहे. त्यांनी काय करावे? परसात एक आंबा असेल तर त्याच्यावरच चार वाण बसवावेत. जमिनीपासून कमरेच्या वर एखादी फांदी छाटली की तिला नवी फूट येते. ती कोवळी असताना त्या फुटीवर मृदकाष्ठ कलम करायचे. एका वर्षी सगळे झाड छाटू नका, एकेक फांदी घ्या. उत्तर प्रदेशात मलिहाबादला हाजी कलीमुल्ला खान यांनी एका झाडावर तीनशेहून अधिक जातींचे आंबे आणले, त्यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याला तीनशे नकोत. घरचा शेप्या, मामाकडचा लोणच्या, माहेरची बिटकी एवढे एका झाडावर आले तरी परस भरले.

बोराचे दोन शब्दांत. बांधावरची गावठी बोर चैत्रात गुडघ्याखाली छाटा, पावसात जोमदार फूट येते, आषाढ-श्रावणात तिच्यावर उमराण, कडाका किंवा मेहरूणचा डोळा भरा. पाणी लागत नाही, कुंपणही तेच.

आता कायद्याकडे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ती तोडायला परवानगी लागते. याचा परिणाम काय झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याने झाड लावले त्यालाच उद्या अर्ज घेऊन हिंडावे लागणार असेल तर तो बांधावर आंबा उगवू कशाला देईल? वीतभर असतानाच उपटतो. झाड वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने किती झाडे जन्माला येऊ दिली नाहीत, याचा विचार करणाऱ्याने कधी तरी करावा. सूससारख्या महापालिकेत गेलेल्या गावांना आता शहरांसाठी केलेला १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागतो. त्याच्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला त्यात वेगळा दर्जा दिला आहे, आणि झाड तोडायची परवानगी मिळाली तर त्याच्या वयाइतकी नवी रोपे लावण्याची अट आहे.

ही अट आम्हाला कामाची वाटते, आणि या मेळाव्यात ठराव करायचा असेल तर तो यावर करावा अशी आमची विनंती आहे. साठ वर्षांचा आंबा तोडला तर साठ रोपे लावायची. कोणती लावायची? आज बहुधा नर्सरीत जे तयार असेल ते लागते, शोभेचे, पटकन उंच होणारे. त्या साठांतली दहा तरी त्याच तोडलेल्या आंब्याची कलमे का नसावीत? झाड तोडणार हे आधी कळते, परवानगीला दिवस लागतात. तेवढ्यात काडी घेता येते. खर्च तोडणाऱ्याने करावा, काडी कापायला गावच्या माणसाला आत येऊ द्यावे. एवढेच मागणे आहे. झाडाला मिठी मारून बसायला आम्ही कोणाला सांगत नाही.

दुसरे एक कायद्यातले. २००१ च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला स्वतः जपलेला वाण स्वतःच्या किंवा गावाच्या नावावर नोंदवता येतो. त्याला नोंदणीचे शुल्क नाही, आणि झाडांच्या बाबतीत हा हक्क १८ वर्षे राहतो. एरवी कायदे आपल्यावर चालवण्यासाठी असतात, हा आपण चालवण्यासारखा आहे. पण वाण नोंदवायचा तर झाड जिवंत पाहिजे. गुणांची नोंदही पाहिजे.

ती नोंद करायला दिवस आत्ताचे आहेत. ज्येष्ठ चालू आहे, उशिराचे आंबे अजून झाडावर आहेत, लवकरच्यांची चव जिभेवर आहे. श्रावणात कलम बांधायला उभे राहिल्यावर सगळी झाडे सारखीच हिरवी दिसतात. तेव्हा शेप्या कोणता आणि आंबट ढोण कोणता, कोणी सांगू शकत नाही. म्हणून आम्ही गेल्या वर्षापासून एक वही ठेवली आहे. झाड कोणाच्या बांधावर, केव्हा पिकते, दरसाल धरते की एकाआड, रेषा किती, कोय केवढी, कैरी लोणच्याला चालते की आंबोशीला, जमीन विकली आहे की ठेवली आहे. वहीत पहिले नाव घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुषांना झाड ठाऊक असते ते सावलीसाठी आणि मक्त्याने किती पैसे आले त्यासाठी. कोणत्या झाडाच्या कैरीला पाणी सुटते, कोणत्या फोडी आषाढातच गळतात, कोणत्या आंब्याच्या रसाला साखर घालावी लागत नाही, ही विद्या चुलीपाशी आहे. आमच्या वहीतली निम्मी पाने आज्यांनी सांगितलेली आहेत, आणि त्यांनी सांगितलेल्या झाडांतली दोन आम्ही शोधायला गेलो तेव्हा तिथे पत्र्याचे कुंपण होते.

ज्यांच्या झाडावर कुऱ्हाड हिवाळ्यात पडायची आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कापलेली काडी चार दिवसांवर टिकत नाही आणि मार्गशीर्षात कोवळी रोपे नसतात. म्हणून यंदा लावलेल्या कोयांतली दहा-वीस रोपे कलम न करता तशीच वाढवा. अचानक बातमी आली तर वर्षाच्या रोपावर कलम करता येईल. थंडीत जोड सावकाश धरतो, काही दगावतील, पण काहीच न करण्यापेक्षा बरे. व्यवहार ठरलाच असेल तर श्रावणापर्यंत झाड राहू द्या, एवढी अट तोंडी तरी घाला. दोन-चार महिन्यांसाठी कोणी व्यवहार मोडत नाही.

श्रावणाच्या पहिल्या रविवारी सकाळी सूसला दिवसभर कलमे बांधायचे काम ठेवले आहे. रोपे आम्ही तयार ठेवतो आहोत. येणाऱ्याने चाकू धार लावून आणावा. भाजीचा चालणार नाही, पातळ पात्याचा सरळ धारेचा पाहिजे. काड्या आणायच्या असतील त्यांनी आधीच्या आठवड्यात पाने छाटून घ्यावीत, आणि पावसाने शेवाळलेल्या आंब्यावर चढू नये, आकडीने काढावे. प्रत्येक जुडीला झाडाचे नाव आणि मालकाचे नाव लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून बांधावी. बिनचिठ्ठीची काडी आम्ही बांधणार नाही. बांधलेल्या कलमांतली निम्मी आणणाऱ्याने न्यायची, निम्मी गावच्या परसात राहतील, म्हणजे एकाची मेली तरी दुसऱ्याकडे वाण असेल. वही मंडपाच्या दाराशी ठेवली आहे. जेवायला जाताना आपापल्या गावची झाडे तिच्यात लिहून जा.